पद्मनला मारलेली हाक

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळजवळ सगळं ठाऊक आहे — माझी साखर, माझी पाठ, ज्या पुस्तकांची मी चारचौघांत वाखाणणी करतो त्यांतली किती अर्ध्यावर सोडलेली आहेत ते. एक गोष्ट ठाऊक नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, बहुधा. त्यात धाडस काही नाही.

आधी थोडी टिंगल करू द्या. तिच्याशिवाय मला तोंडच उघडता येत नाही — कधीच येत नव्हतं.

नव्वदच्या आसपास डोंबिवली-कल्याणात डीजे उगवले. त्याआधी ऑर्केस्ट्रा असत; चमकी कोट घातलेले पंधरा जण, त्यांतले तीन सुरात. मग ते पंधरा गेले आणि त्यांच्या जागी दोन कॅसेट डेक, एक रिदम मशीन, एक कीबोर्ड आणि काळा गॉगल लावलेला एक इसम आला. हा गॉगल सूर्य मावळल्यावरच लावायचा असे. परवापर्यंत जो प्रकाश होता तो एका रात्रीत डीजे प्रिन्स झाला. भिवंडीच्या पलीकडे न गेलेला माणूस पाटीवर 'फॉरेन रिटर्न' लिहू लागला. धूर सोडायचं एक यंत्र आलं. मागच्या खुर्च्यांवरची म्हातारी माणसं खोकत घरी जात, आणि ह्याला ते वातावरणनिर्मिती म्हणत. संध्याकाळी सगळे स्टेशनजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जमत आणि आपापले वॉट सांगत. वॉट हे त्यांचं गोत्र होतं. कुणाच्या भोंग्यांनी कुणाच्या खिडकीची काच फोडली, ह्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं ठरत.

आणि मी? मी दुसऱ्या बाजूला होतो. ही दुसरी बाजू ठाण्याला, नौपाड्यात एका दवाखान्याच्या माडीवर महिन्यातून एकदा भरत असे. लोकसाहित्याचं अभ्यासमंडळ. पांढरे सदरे, शबनम पिशव्या, आणि 'लोकसंस्कृती मरणपंथाला लागली आहे' असा ठराव. दर महिन्याला तोच ठराव. मरणपंथाला लागलेली बाई अजून चालती-बोलती आहे, पान खाते आहे, तिलाच जाऊन विचारावं, असं कुणाला वाटत नसे. मंडळाचा एक टेपरेकॉर्डर होता. तो माझ्याकडे आला, कारण मी वयानं लहान होतो आणि डोंबिवलीला राहत होतो — मंडळाच्या भूगोलात कळव्यानंतर अरण्य सुरू होई. मी कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. रविवारी टेपरेकॉर्डर खांद्याला लावून शीळफाट्याच्या बाजूच्या आगरी गावांतून धवले गोळा करत हिंडायचो.

धवले म्हणजे लग्नातली गाणी. पण 'गाणी' म्हटलं की चुकतं. तिथे भटजी असतो, पण लग्न पुढे सरकवते ती धवलारीण. तिनं गायल्याशिवाय हळद कुटली जात नाही, मांडव चढत नाही, नवरदेव पाटावरून उठत नाही. मी ज्या धवलारणीच्या मागे होतो तिचं नाव बारकीबाय. बसायला खुर्चीच लागायची, तीही हाताची. मी दिसलो की ओरडायची, "आला बघा पोपट! ऐकतो सगला, कल्लं काय नाय!"

मंडळात मी हे वाक्य नक्कल करून सांगत असे. सगळे हसत.

आता जन्या. जनार्दन, माझा जुना विद्यार्थी. मराठीत दोनदा नापास — मीच केलेला. त्याच्या बापानं शेताचा एक तुकडा बिल्डरला दिला तेव्हा बाकीच्या घरांत जीपगाड्या आल्या, ह्याच्या घरात मिक्सर आणि कीबोर्ड आला. पाटीवर 'डीजे जॉनी'. माझ्याकडे आला तो निवेदनं लिहून घ्यायला. "सर, भारी मराठी पायजे. लोकांना कळली नाय तरी चालंल." मी लिहून दिली. मी मंडळात ज्या गोंगाटाची चेष्टा करायचो त्या गोंगाटाला रविवारी दुपारी उपमा-अलंकार पुरवायचो. दोन्हीकडे माझं कौतुक होई. ह्यात काही विसंगती आहे असं मला वाटलं का? वाटलं. आवडलंही.

जन्याची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. त्याची आई जेवायला बोलवायला आली की दारातूनच म्हणायची, "कोंबरी एक नाय घरान, न् यो ट्रे बघा!" त्या खोलीत एक कीबोर्ड होता ज्यात दोनेक सेकंदांचा कुठलाही आवाज भरता येई. कुत्रा भरा, कुकरची शिट्टी भरा, आणि मग तोच आवाज प्रत्येक कळीवर — वरच्या कळीवर चिरका, खालच्या कळीवर घोगरा. जन्यानं मला तो दाखवला आणि —

इथे मला थांबावंसं वाटतं. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, आणि हा मूळ गुन्हाही नव्हे, पण तो ह्याच्याच पोटी जन्मला: मला ते यंत्र आवडलं. साधं आवडणं नव्हे. मी, तबल्याच्या बैठकीला डोळे मिटून मान हलवणारा, त्या ठोक्यावर कुकरची शिट्टी बसवण्यात तीन-तीन रविवार घालवले. माझा पाय आपोआप हलायचा. कुणी आत आलं की मी तो थांबवत असे.

त्याच मोसमात शीळफाट्याजवळच्या एका गावात एका लग्नाला मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. मांडवातला माइक आणि भोंगे जन्याचे होते, पण तो स्वतः त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता. धवले झाले, हसणं-खिदळणं झालं. मग बारकीबायनं तोंडातलं पान थुंकलं, माइक बाजूला सारला आणि माझ्याकडे वळली.

"मास्तरा, ती पेटी बंद कर. आता जे येतील ते आमचे हायेत. तुजे पेटीसाठी नाय येत."

घरातल्या मेलेल्यांना लग्नाला बोलावतात. नावानं. धवलारीण एकेकाला हाक मारते — ये, मांडवात ये, पाटावर बस, तुझ्या घरचं कार्य आहे. त्या घरात सगळ्यात शेवटची हाक थोरल्या मुलाला होती. पद्मन. शीळफाट्याच्या वळणावर ट्रकखाली गेलेला, लग्नाविना. आज धाकट्याचं लग्न होतं. नवरदेवाशेजारी एक रिकामा पाट मांडला होता, त्यावर घडी घातलेला एक शर्ट, पुढे पाण्याचा तांब्या. पाटाजवळ त्याची आई बसली होती — सोनूबाय. रडत नव्हती. जागा धरून बसावं तशी बसली होती.

"बंद केली," मी बारकीबायला म्हणालो.

बंद केली नव्हती. तांबडा दिवा अंगठ्याखाली झाकला होता. का? अभ्यासासाठी, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. अभ्यास हा शब्द फार उपयोगी आहे. त्याच्याखाली काहीही झाकता येतं, अंगठाही लागत नाही.

घरी येऊन ऐकलं. बारकीबायचा आवाज जाड, पण त्या एका हाकेवर तो वर चढत गेला होता आणि टोकाला किंचित फाटला होता. "ये रं पद्मन, ये." बरोबर दोन सेकंदांत मावणारा.

तुम्हाला कळलं असेल. मला तर मांडवातच कळलं होतं, असं आता वाटतं.

पुढच्या रविवारी मी ती हाक जन्याच्या कीबोर्डमध्ये भरली. जन्यानं ऐकली आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. तो आगरी घरातला मुलगा. गॉगल लावला म्हणून कान बदलत नाहीत.

"सर, यो कोनाचं नाव? पितरांचं नाय ना? ते वाजवाचं नसतं."

"नवरदेवाचं," मी म्हणालो. "मुलाला हळदीला बोलावतायत."

"नक्की ना?"

"अरे, मी स्वतः होतो तिथे."

किती सहज आलं! वर्गात मुलं शंका विचारतात तेव्हा मास्तर ज्या आवाजात उत्तर देतो, त्याच आवाजात. जन्यानं ज्या आवाजापुढे दहा वर्षं मान खाली घातली होती, त्याच आवाजात. "मंग चालंल," तो म्हणाला आणि रिदम मशीन सुरू केलं.

आणि मला काय वाटत होतं? खरं सांगतो — नाचताना शब्द ऐकतो कोण, असं. ही माणसं कशावरही उड्या मारतील. कुकरच्या शिट्टीवर नाचली, ह्यावरही नाचतील. मेलेल्या मुलाचं नाव आहे हे मला माहीत होतं. ते ऐकणारी माणसं आहेत हे माझ्या हिशेबात नव्हतं.

कॅसेट निघाली. वर फक्त डीजे जॉनीचं नाव होतं. माझं नाव नको असं मीच बजावलं होतं, माझी अब्रू नौपाड्यात होती ना. तुमचा विश्वास बसणार नाही, पण ते फार चांगलं झालं होतं. आजही सांगतो. मी लिहिलेले सगळे निबंध एका पारड्यात टाका — ती चार मिनिटं भारी ठरतील. ठोका, ठोका, आणि मग वरून येणारी ती हाक, आधी एकदा, मग तुटून-तुटून, ये ये ये ये. भिवंडीपासून ठाण्याच्या कोळीवाड्यापर्यंत त्या मोसमात हळदीला तीच वाजली. एकीच्या दहा प्रती झाल्या, दहाच्या शंभर. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले प्रिन्स आणि किंग जन्याला खुर्ची देऊ लागले.

मग डोंबिवलीजवळच्या गावातली ती हळद. ऊन उतरत होतं. मी डेकच्या मागे उभा होतो — मला पाय बघायला आवडायचं, शंभर पाय एकाच वेळी पडताना. नवरीची मावशी बायकांमध्ये हळदीचं ताट घेऊन बसली होती. ती सोनूबाय होती. मी तिला पाहिलं होतं का? पाहिलं होतं. जन्याला सांगून ती कॅसेट बाजूला ठेवायला लावता आली असती का? आली असती. मी म्हटलं, बघू.

हाक वाजली. सोनूबायनं मान वर केली आणि मांडवाच्या तोंडाकडे पाहिलं. आपल्या माणसाला कुणी हाक मारली की आपण दाराकडे बघतो, तसं. परत हाक. तिनं ताट शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, उठली, घरात गेली आणि पाट घेऊन बाहेर आली. नाचणाऱ्यांतून वाट काढत निघाली. पोरं हसली. "ए मावशी, पाटावर नाचतेस काय!" ती भोंग्यासमोर थांबली, पाट मांडला, पदरानं पुसला आणि शेजारी मांडी घालून बसली.

आधी एका म्हातारीला कळलं. मग बारकीबायचा आवाज आला, ठोक्याच्याही वर — "बंद कर रं! मेल्या, बंद कर!"

जन्यानं कळ दाबली. सगळं थांबलं. सोनूबाय आजूबाजूला बघत म्हणाली, "बंद कनाला केलं? आला त बसंल ना यो."

जन्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वायरींकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या ओट्यावर गावातली चार मोठी माणसं बसली. मलाही निरोप आला — शिकलेला माणूस बरा असतो म्हणून. खुर्ची दिली, हाताची. जन्या उभा होता, गॉगलशिवाय. डोळे बारीक आणि लहान मुलासारखे. त्यानं सरळ सांगितलं. "कॅसेट सरांनी दिली. नवरदेवाचं नाव बोल्ले."

सगळे माझ्याकडे वळले. बारकीबायही.

"पेटी त मास्तराकरंच व्हती," ती म्हणाली.

मी चष्मा पुसला. मग अतिशय सावकाश, प्रमाण मराठीत विचारलं, "बारकीबाय, तुम्ही सांगितल्यावर मी यंत्र बंद केलं की नाही?"

"बंद केली असं बोल्ला तू," ती म्हणाली. "ते खरं हाय."

"आणि मांडवातला माइक कुणाचा होता?"

एवढंच विचारलं. जन्याचं नाव घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती. माइक जन्याचा, वायरी जन्याच्या, कॅसेटवर नाव जन्याचं. ओट्यावरचे सगळ्यात वयस्कर काका म्हणाले, "अरे, सर कनाला असला धंदा करतील? वर सरांवर ढकलतो!" आणि जन्याच्या बापानं उठून सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली मारली. तेवीस वर्षांच्या मुलाच्या. तो खरं बोलला होता. मी शुद्ध बोललो होतो. त्या ओट्यावर शुद्ध जिंकलं.

मी निघताना काकांनी माझी माफी मागितली. मी ती स्वीकारली.

त्यानंतर जॉनीचा साउंड कुणी बोलावला नाही. शीळपासून खडवलीपर्यंत सगळी गावं एकमेकांची सोयरी. एका ओट्यावर बोललेलं पुढच्या लग्नात सगळ्यांना माहीत असतं. महिनाभरात त्याची यंत्रं एक-एक करून गेली, आणि तो एका मांडववाल्याच्या टेम्पोवर लागला. प्रिन्सचे आणि किंगचे भोंगे वाहायला.

मी काय केलं? निबंध लिहिला. 'विद्युत्‌गोंगाट आणि लोकश्रद्धा'. नौपाड्यात वाचला. त्यात 'एका अर्धशिक्षित डीजेने केलेल्या अभद्र प्रकारा'चं सविस्तर वर्णन होतं; लोक हळहळले, एक बाई रडल्या. अध्यक्षांनी शाल दिली. शाल अजून आहे, चांगली उबदार आहे.

पण कॅसेटच्या प्रती बाहेर होत्या. त्या कोण परत आणणार? प्रिन्सनं ती हाक उचलून स्वतःच्या नावावर केली, त्याच्याकडून आणखी कुणी. त्यांना ते नाव कुणाचं ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून परवा नव्हती. मला त्यांचा तिरस्कार करता येत नाही, मी प्रयत्न केलेला आहे.

तीन-चार वर्षांनी कल्याणात एका सहकाऱ्याच्या मुलाची हळद होती. बिल्डिंगच्या गच्चीवर, सकाळची. कुणी तरी डीजे, कुणी तरी गॉगल. आणि ती हाक, आता अजून वेगात, प्रतीची प्रत होऊन पत्र्यासारखी झालेली. भोंग्याजवळ एक म्हातारी पाट मांडून बसली होती. सहकारी ओशाळून म्हणाला, "कुणाची आहे माहीत नाही हो. हे गाणं वाजतं तिथे जाते म्हणे, एसटीनं, रिक्षानं. त्रास नाही काही. ताट दिलंय तिला."

ताट पाटापुढे ठेवलं होतं. तिनं स्वतः खाल्लं नव्हतं.

मला परत फिरता आलं असतं. तिनंच ओळखलं. "मास्तर ना तुमी? पेटीवाले?"

मी तिच्याजवळ वाकलो.

"तुमी शिकलेले हाव. मना सांगा — त्याला हाका कोन मारतं?"

त्या गच्चीवर मला ओळखणारं गाव नव्हतं, मंडळ नव्हतं, जन्या नव्हता. तिच्या हातून माझं काहीही वाकडं होणार नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, शाल जाणार नव्हती. मी एक शब्द बोललो असतो तर तो फक्त तिच्या कानात पडला असता. इतकं स्वस्तात खरं बोलायची संधी माणसाला किती वेळा मिळते?

"जन्या," मी म्हणालो.

तिला राग आला नाही. तिनं मान डोलावली. "मना वाटलंच. धाकट्याचे लग्नान भोंगे त्याचेच व्हते. बोलावतंय त बोलावू दे. पन त्याला सांगा मास्तर, जरा हलू बोलाव म्हनावं. अवरे घाईन नको. माजे पोराला पलत यावं लागतं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. जन्या त्यानंतर मला पुष्कळदा दिसला — टेम्पोच्या मागे, खांद्यावर भोंगा, केस पांढरे होत चाललेले. एकदा समोरासमोर आलो, तेव्हा त्यानंच विचारलं, "सर, बरे हाव ना?" मी बरा आहे म्हणालो. सोनूबाय तोवर गेली होती.

आता राहिलेलं सांगतो. त्या रविवारी, अंड्यांच्या ट्रेच्या खोलीत, जन्या म्हणाला होता की हाक जशी आहे तशीच राहू द्या, सावकाश, ऐकायला बरी वाटते. मी म्हणालो, सावकाश हाकेवर कोण नाचणार? वरची कळ मी निवडली. वेग मी वाढवला. ये ये ये ये हे माझं बोट होतं. जन्या शेजारी उभा राहून बघत होता.